टाचणीवरच्या दोन चिठ्ठ्या

१० जानेवारी

पाण्याच्या टाकीमागच्या गवतात सापडलेला तुडतुडा नवा आहे. आज त्याच्या पोटाचं टोक मांस विरघळवणाऱ्या पोटॅशमधून काढलं, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवलं, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं आणि पाहिल्यावर खुर्चीत मागे टेकून बसले. मग पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

बाहेरून पाहिलं तर या कुळातले निम्मे तुडतुडे सारखेच. तांदळाच्या दाण्याहून लहान, हिरवट पिवळे, बोट जवळ न्यावं तर टुणकन उडी मारून पसार. रंगावर भरवसा ठेवता येत नाही, आकारावर तर त्याहून नाही. जात ठरते ती नराच्या जननांगावरून. तो एवढासा अवयव प्रत्येक जातीत वेगळा घडलेला असतो. लग्नानंतर सासूबाईंनी विचारलं होतं, "तू नेमकं काय बघतेस गं दिवसभर?" मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. पाहुण्यांना मात्र नुसतं किडे बघते एवढंच सांग."

तर त्या गवतात नेहमी मिळणारा जो तुडतुडा आहे, त्याचा हा अवयव आकड्यासारखा वाकलेला असतो आणि टोकाला दोन शिंगं असतात. माझ्याकडच्या दोन नरांत तो आखूड आहे, बोथट आहे आणि शिंगांचा पत्ता नाही. शिवाय रंग फिका, कपाळावरचे काळे ठिपके पुसट आणि पोट चांगलं रुंद, फुगीर. एवढे फरक एका वेळी म्हणजे शंकेला जागा नाही.

पलीकडच्या टेबलावरचा भुंगेराव उठून आला. तो भुंग्यांचं काम करतो म्हणून भुंगेराव आणि मी तुडतुडीबाई. आमच्या संग्रहालयात माणसांना त्यांच्या किड्यांवरूनच हाका मारतात. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "नशीब काढलंत, तुडतुडीबाई. नाव काय ठेवणार?"

माझ्या नवऱ्याने लग्नाआधीच वचन घेतलं होतं, एका तरी किड्याला त्याचं नाव द्यायचं. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. आमची ओळखही तिथलीच. मी चष्मा करायला गेले आणि दुकानदारच घेऊन आले, असं आई म्हणायची. तेव्हापासून तो माझा चष्मेवाला. नंतर मी बऱ्याच जाती शोधल्या, पण दर वेळी चित्र बघून तो नाक मुरडायचा. "हा नको, याचं कपाळ केवढं आहे! अजून देखणा मिळू दे."

आज घरी गेल्या गेल्या सांगितलं. तो बिस्किटं खात होता. "हं," म्हणाला. मी चित्र त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते उचलून बाजूला केलं, कारण ते बिस्किटांच्या पुड्यावर आलं होतं.

१३ जानेवारी

पूर्वी सकाळी मी निघताना तो दारात अडवायचा. माझ्या नाकावरून चष्मा काढून घ्यायचा, काचांवर हाः करायचा, खिशातल्या मऊ फडक्याने पुसायचा, परत चढवायचा आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारायचा, "आता कसं दिसतंय?" मी म्हणायचे, "अगंबाई, आपण कोण?" इतका जुना विनोद, पण आम्हाला पुरायचा.

हे कधी बंद पडलं ते नेमकं आठवत नाही. मागच्या उन्हाळ्यात मीच एकदा चष्मा पुढे केला तर म्हणाला, "तुला हात नाहीत का?" तेव्हापासून मी तो पदराला नाहीतर ओढणीला पुसते. काचांवर ओरखडे पडलेत. एका चष्मेवाल्याची बायको मी.

२ फेब्रुवारी

चष्मेवाल्याची ताई गेली. त्याच्याहून खूप मोठी. त्याला सायकल शिकवली ती तिने. दुकान उघडलं तेव्हा पहिला चष्मा करून घेतला तोही तिनेच, डोळे ठणठणीत असताना. मला सख्ख्या बहिणीसारखी होती.

घर माणसांनी भरलं होतं. तिचे यजमान भिंतीला टेकून बसले होते, त्यांना पाणीसुद्धा जात नव्हतं. हा त्यांच्याशेजारी जाऊन बसला. मला वाटलं, आता खांद्यावर हात ठेवेल. तर म्हणाला, "टीव्ही लावू का? मॅच सुरू झाली असेल." आणि हसला. सगळ्या खोलीने ऐकलं.

येताना टॅक्सीत मी म्हटलं, "अरे, तुझी ताई गेली." तो म्हणाला, "हो, माहीत आहे ना." मग खिडकीबाहेर बघत तीच ती धून गुणगुणत राहिला, हल्ली सारखा गुणगुणतो ती. तिच्यासाठी मी एकटीच रडले. या माणसाचा मला आज पहिल्यांदा तिटकारा आला.

१९ फेब्रुवारी

बसमधून येत होतो. समोर एक बाई, चाळिशीची, दिसायला बरी, जाड काचांचा चष्मा. चष्मेवाला पुढे वाकला आणि काही न विचारता त्याने तिच्या नाकावरून चष्मा काढला. खिशातून फडकं काढून पुसायला लागला. बाई किंचाळली. कंडक्टर आला. मी दोन्ही हात जोडून माफी मागितली आणि पुढच्याच थांब्यावर याला ओढत उतरवलं.

"शोभतं का हे तुला?" मी ओरडले.

"मळला होता," तो म्हणाला.

माझा मळलेला दिसत नाही. वर्षभर दिसला नाही. परक्या बाईचा बरोबर दिसला.

२२ फेब्रुवारी

जातीच्या वर्णनातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग म्हणजे भेदलक्षण. नवी जात जवळच्या जातीपासून कशी वेगळी, हे थोडक्यात सांगायचं. आज ते लिहून झालं. भुंगेराव वाचून म्हणाला, "अप्रतिम. एखादं माणसाचंही लिहा असं." त्याने गमतीत म्हटलं. माझ्या डोक्यात ते घरापर्यंत राहिलं. तर लिहिते.

दिसायला हुबेहूब मूळ चष्मेवाल्यासारखा, परंतु पुढील लक्षणांनी सहज वेगळा ओळखता येतो. मूळ चष्मेवाला गोडाला शिवत नसे, हा बिस्किटं आणि जॅम यांवर जगतो. मूळ रोज इस्त्रीचा शर्ट घाली, यास शर्ट बदल म्हणावं लागतं. मूळ भिडस्त, समोरच्याचं मन राखणारा. हा दुकानात आलेल्या मुलीला म्हणतो, "कुठलीही फ्रेम घे, चेहरा तोच राहणार." भागीदाराने परवा मला मुद्दाम फोन करून सांगितलं. मूळ रडका, सिनेमातसुद्धा रडे. हा सख्ख्या बहिणीच्या जाण्यावर हसतो. मूळ बायकोला तुडतुडी म्हणे. हा कशानेच हाक मारत नाही.

हा तो माणूस नाही. दुसराच कुणीतरी आहे आणि माझ्या घरात राहतो आहे. हे लिहिलं आणि विलक्षण हलकं वाटलं.

७ मार्च

वर्णनाचा लेख शोधपत्रिकेला पाठवला. नव्या तुडतुड्याला चष्मेवाल्याचं नाव दिलं नाही. देणार तरी कुणाचं, ज्याला वचन दिलं तो राहिलाच नाही. लॅटिनमध्ये 'परका' अशा अर्थाचा शब्द आहे, तो ठेवला. दोन्ही नमुन्यांच्या टाचण्यांवर नावाची चिठ्ठी चढवली. त्यातल्या एकाला, ज्यावरून वर्णन केलं त्या प्रमाण नमुन्याला, वर लाल चिठ्ठी. भुंगेरावाने चहा पाजला.

घरी आल्यावर चष्मेवाल्याला सांगितलं की मी संग्रहालयाजवळ खोली घेतली आहे, तिथे राहायला जाते आहे, वेगळी. आठवडाभर मनाशी घोकलं होतं. तो रागावेल, भांडेल, निदान का म्हणून विचारेल.

"बरं," तो म्हणाला. "जाताना बिस्किटं आणून ठेव."

१५ मार्च

खोली बरी आहे. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. शेगडी एकच, मला पुरते.

लेकीचा फोन आला, तिच्या गावाहून. ती रडायला लागली. "आई, बाबांना डॉक्टरकडे ने. मी फोन करते तर एका वाक्यात बोलतात आणि ठेवून देतात. ते असे नव्हते."

"तेच तर मी म्हणते आहे," मी म्हटलं. "ते असे नव्हते. माणूस बदलतो, बाळा. प्रेम उतरलं की असाच होतो. त्याला डॉक्टर काय करणार?"

"तू इतक्या बारीक गोष्टी बघतेस आणि..." असं म्हणून तिने फोन ठेवला. पुढे काय म्हणणार होती कोण जाणे. वडिलांची लाडकी ती, त्यांचीच बाजू घेणार.

२ एप्रिल

छापण्याआधी लेख तपासणाऱ्या समीक्षकाचं उत्तर आलं. आमच्यात समीक्षकाचं नाव कळत नाही, पण हा म्हातारा असणार, भाषेवरून वाटतं. लिहितो: "दोनच नर अपुरे. त्याच जागेवरून भरपूर नमुने गोळा करावेत. लेखिकेने पोट फुगीर असल्याचं नमूद केलं आहे. ते उघडून पाहिलं का?"

उघडून पाहिलं का! पोट उघडून काय मिळणार, गवताचा रस? टोक तेवढं कापून घ्यायचं आणि पोटॅशमध्ये घालायचं, मांसल भाग सगळा विरघळून जातो. जगभर असंच करतात. माझी लक्षणं चोख आहेत. पण आणखी नमुने हवेत हे त्याचं बरोबर, त्यावर वाद नाही.

९ एप्रिल

भुंगेरावाला बरोबर घेऊन टाकीमागे गेले. गवत गुडघाभर. मी जाळं झाडत पुढे आणि तो मागून काचेच्या नळीने किडे तोंडाने ओढून घेतोय. एक ओढताना ठसका लागला तर म्हणाला, "पोटात गेला तर प्रमाण नमुना मीच." खूप दिवसांनी हसले.

बहुतेक नेहमीचेच मिळाले. फिके, फुगीर असे थोडेच, पण मिळाले. त्यांना मारलं नाही. गवताचं ढेकूळ मातीसकट उपटून बरणीत लावलं आणि तोंडाला मलमल बांधून जिवंत ठेवले. वागण्यात काही फरक आहे का ते बघायचं आहे. सध्या एवढंच की ते सुस्त वाटतात. नेहमीचा जिथे उडी मारेल तिथे हा नुसता सरकतो.

१७ एप्रिल

पुस्तकं आणायला घरी गेले. किल्ली होतीच.

चष्मेवाला स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला होता. मला बघून उठला नाही, बस म्हणाला नाही. शर्टावर जॅमचे डाग. भागीदाराने त्याला दुकानात येऊ नको असं सांगितलंय म्हणे. चुकीच्या काचा बसवून दिल्या कुणाला तरी. यावर त्याचं म्हणणं काय, तर "बरं."

टेबलावर दोन कप होते. एक त्याच्या पुढ्यात, रिकामा. दुसरा समोरच्या खुर्चीपाशी, भरलेला, चहावर साय धरलेली. कान तुटलेला तो कप. माझा कप.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोण नाही."

"मग हा चहा कुणाचा?"

"चहा दोन कप असतो," तो म्हणाला आणि ती धून सुरू केली.

म्हणजे कुणीतरी येतं. माझ्या खुर्चीत बसतं, माझा कप घेतं आणि चहा तसाच टाकून जातं. मला काय त्याचं? मी घर सोडलंय. तरी बसस्टॉपवर उभी राहून रडले. लोक बघत होते आणि चष्मा इतका ओला झाला की दोन बस तशाच जाऊ दिल्या.

२३ एप्रिल

सकाळी बरणी खिडकीत नेली. एक फिका तुडतुडा पातीला धरून बसला होता, हलत नव्हता. पोट फुटायला आल्यासारखं. मी भिंग धरलं. पोटाच्या सांध्यातली पातळ त्वचा आतून ढकलली जात होती. मग ती फाटली आणि एक पांढुरकी अळी बाहेर आली. जवळजवळ त्याच्या पोटाएवढीच. सावकाश, वळवळत, पूर्ण बाहेर आली, मातीवर पडली आणि ढेकळात शिरली.

तुडतुडा अजून पात धरून होता. पोट रिकामं, पिशवी उलटी करावी तसं. बऱ्याच वेळाने त्याचे पाय सुटले.

मला सगळं समजलं.

२४ एप्रिल

मोठ्या डोक्याची माशी. इवलीशी, डोकं म्हणजे नुसते डोळे. तुडतुड्याचं पिल्लू हेरते, उचलते आणि त्याच्या पोटात अंडं घालते. अळी आतच वाढते. पिल्लू मोठं होतं, खातं, पितं, कात टाकतं, पण आतलं सगळं अळी खात असते. मग रंग फिका पडतो, ठिपके पुसट होतात, नराचं जननांग अर्धवट राहतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही वेगळीच जात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मी शिकवते. सावध राहा म्हणून सांगते, मोठमोठे यात फसलेत म्हणून नावं घेऊन सांगते. बाकीचे फिके आज उघडले. प्रत्येकात अळी. एकाची शिंगं अर्धी उगवलेली, म्हणजे मधली पायरीही मिळाली. जानेवारीतल्या त्या दोघांच्या पोटात तेव्हा अळी असणारच. मीच टोकं कापून घेतली आणि बाकीच्याकडे पाहिलं नाही. पोट फुगीर, असं लक्षण म्हणून लिहिलं, आणि तेवढ्यावर थांबले.

नवी जात नाही. तोच आहे, नेहमीचा. आजारी.

संपादकांना लेख मागे घेत असल्याचं कळवलं. भुंगेराव म्हणाला, "होतं हो असं," आणि चहा आणायला गेला.

तो परत येईपर्यंत मी ही वही काढून बावीस फेब्रुवारीचं पान वाचलं. दिसायला हुबेहूब मूळ चष्मेवाल्यासारखा. मग मागची पानंही चाळली. गोड, शर्ट, ती धून, ताईच्या घरी हसणं, बसमधली बाई. एकेक लक्षण बरोबर टिपलंय. एकही चुकलेलं नाही. आणि खाली निष्कर्ष, हा तो माणूस नाही.

चहा तसाच ठेवून उठले. भुंगेरावाने विचारलं, "कुठे?"

"घरी," मी म्हटलं.

६ मे

मेंदूच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या लेकीहून थोड्या मोठ्या. त्याच्या मेंदूच्या स्कॅनवर बोट ठेवून त्यांनी दाखवलं, कपाळामागचा भाग झिजत चाललाय. असा आजार असतो. या वयात सुरू होतो. स्मरणशक्ती आधी जात नाही, स्वभाव जातो.

त्यांनी विचारायला सुरुवात केली. गोड खाणं वाढलं का? मी तारीख सांगितली. कुणाच्या दुःखात विचित्र वागले का? तारीख. अनोळखी माणसांना हात लावणं? तारीख, बसचा मार्गही. तीच ती कृती, तेच ते गाणं? सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग आणायला उशीर का केलात?"

लेक शेजारी बसली होती, तिने माझा हात धरला.

"लवकर आणलं असतं तर?" मी विचारलं.

"थांबवता आलं नसतं," त्या म्हणाल्या. "थांबवणारं औषध नाही. फक्त तुम्हाला आधी कळलं असतं."

फक्त. चष्मेवाला तोवर त्यांच्या टेबलावरची पेनं एका रांगेत लावत होता.

निघताना मी एकटी मागे राहिले आणि विचारलं, त्याला माझ्याबद्दल आता काही वाटतं का. माझ्या वयाच्या बाईने हे विचारावं म्हणजे कमालच. त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "नाही वाटत असं मी म्हणणार नाही. वाटतं असंही छातीठोक नाही सांगू शकत. वाटत असलं तरी ते बाहेर यायची वाट राहिलेली नाही."

८ मे

खोली सोडली. सामान एका खेपेत आलं.

सकाळी मी त्याच्या आधी उठून बसले, काही न बोलता. चष्मेवाला आला, पातेलं ठेवलं, चहा केला. एक कप आपल्यापुढे ठेवला. मग कान तुटलेला कप काढला, भरला आणि समोरच्या खुर्चीपाशी ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी खुर्चीत होते म्हणून ठेवला नव्हता. मी नव्हते तेव्हाही तो रोज असाच ठेवत होता. कुणीही येत नव्हतं. रोज माझा चहा तिथे साय धरून गार होत होता आणि मी त्यावरून दुसरी बाई उभी केली.

गरम चहा प्यायले. थेंबभरही टाकला नाही.

२० मे

त्या दोन नमुन्यांचं काम आज पुरं केलं. भुंगेराव म्हणाला, "लेख तर छापलाच नाही. लाल चिठ्ठी काढून टाका ना, कुणाला कळणार आहे?"

पण आमच्यात तसं करत नाहीत. टाचणीवर एकदा चढलेली चिठ्ठी काढायची नाही, चूक असली तरी. तिच्याखाली नवी चढवायची, पुढे बघणाऱ्याला दोन्ही दिसल्या पाहिजेत. हा नियम मी कितीतरी पोरांना दटावून पाळायला लावलाय. तेव्हा 'परका' जिथे होता तिथेच ठेवला. खाली नवी चिठ्ठी, बारीक अक्षरात. नेहमीच्या जातीचं जुनं नाव आणि पुढे: तोच. पोटात अळी. पेटीचं झाकण लावलं आणि पेटी कपाटात ठेवून दिली.

घरच्या चुकीवर अशी नवी चिठ्ठी चढवता येत नाही. त्याला मी सांगितलं, परवा, जेवताना. म्हटलं, "मी तुला सोडून गेले होते, तू आजारी असताना. मला कळलं नाही रे. मला माफ कर." तो म्हणाला, "बरं." वेगळं राहायला जाते म्हणाले होते, तेव्हाही एवढंच म्हणाला होता. त्याला सगळं सारखंच. मला नाही.

११ जून

वचन पाळायला आता नवी जात मिळेल की नाही, सांगता येत नाही. मिळाली तर ज्याचं नाव द्यायचं तो ते चित्र बाजूला सारेल हेही माहीत आहे. तरी देईन. कपाळ कितीही मोठं असलं तरी.

संग्रहालयात आता अर्धा दिवसच जाते. उरलेला वेळ लेकीने शोधून दिलेल्या मावशी त्याच्यापाशी असतात. आज सकाळी त्या आल्या आणि मी निघाले. चपला घालत होते तर चष्मेवाला उठून आला आणि दारात उभा राहिला. मला वाटलं, बाहेर जायला निघाला. "अरे, आज दुकान नाही," मी म्हटलं.

त्याने हात पुढे केला आणि माझ्या नाकावरून चष्मा काढला.

मी हलले नाही. काच नसली की मला समोरचं माणूससुद्धा नीट दिसत नाही, नुसता एक आकार दिसतो. त्या आकाराने हाः केलेलं ऐकू आलं. खिशात फडकं नव्हतं, शर्टाच्या टोकाने पुसलं असावं. वेळ लावला. ओरखड्यांवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला, ते मला नंतर काचांवर दिसलं. मग त्याने चष्मा चढवला, दोन्ही काड्या कानांमागे अलगद बसवल्या. इतक्या अलगद फक्त तोच बसवतो.

"आता कसं दिसतंय, ताई?" त्याने विचारलं.

ताई. गिऱ्हाइकांना तो ताईच म्हणतो. माझ्याकडे बघत होता, आणि चेहऱ्यावर दुकानातलं ते जुनं, अदबीचं हसू होतं. मला तो जुना विनोद आठवला. अगंबाई, आपण कोण? ओठांपर्यंत आला, पण काढवेना.

"चांगलं दिसतंय," मी म्हटलं. "आता स्पष्ट दिसतंय."

"पहिले काही दिवस गरगरल्यासारखं होईल तुम्हाला," तो म्हणाला. "घाबरू नका. वापरत राहा, सवय होते."

मी हो म्हटलं. तो वळला, स्वयंपाकघरात गेला आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.